तट्ट्याच्या आतलं पाणी

धुरपता पाण्याला घाबरते, असं कुणी म्हटलं असतं तर पळसबोडीत लोक हसले असते. मासे धरणाऱ्या ढिवराघरची लेक, ढिवराघरची सून. पाण्यात सहा सहा तास छातीपर्यंत उभी राहणारी बाई. चाळीस वर्षांची होईपर्यंत तिलाही तसंच वाटत होतं. मग एका आश्विनात तिला भीती भेटली, आणि ती भेटली ती कायमची.

पळसबोडी अर्जुनी मोरगावपासून पाच कोस आत. गाव लहान, तलाव मोठा. उगवतीला मातीच्या बांधाची उंच पाळ, पाळीवर चिंचा आणि आंबे, पाळीखाली नजर पोचेल तिथपर्यंत धानाच्या बांध्या. मावळतीला तलाव उथळ होत होत जंगलात शिरतो. तिथं लव्हाळं माणसाच्या डोक्याच्या वर वाढतं आणि पाय टाकला तर मांडीपर्यंत गाळात जातो. पाळीच्या उत्तर टोकाला घाट. घाट म्हणजे सात-आठ सपाट दगड, दुसरं काही नाही. आणि घाटाला लागून ढिवरांचा शिंगाडा.

शिंगाड्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. पाण्यावर हिरव्या पानांची चटई पसरलेली असते. बाईनं तरंगायला पालथी घागर छातीखाली धरायची, पाण्यात उतरायचं, एका हातानं वेल उचलायचा, दुसऱ्या हातानं खालचे शिंगाडे खुडायचे. पाय गाळात, डोकं उन्हात. पानांमुळं खालचं काही दिसत नाही. पायाला काय लागतं ते पायालाच कळतं. आणि शिंगाडा पिकला की थांबत नाही. चार-पाच दिवस खुडला नाही तर वेल सोडतो आणि गाळात बसतो. धुरपताच्या घरचं उन्हाळ्यापर्यंतचं पोट त्या वेलांवर होतं.

घरात नवरा उदाराम, कमी बोलणारा. मुलगा मनिराम गोंदियाकडे रेल्वेच्या कामावर. आणि त्याची बायको गीताबाई, सालेकशाच्या जंगलातली पोर. मोह वेचण्यात हुशार, पण पाणी तिनं विहिरीत वाकून पाहिलेलं तेवढंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती गुडघाभर पाण्यात रडली होती. धुरपतानं तिचा हात धरून रोज एक पाऊल पुढं नेलं. "मी आहो ना तुह्या संगं," एवढंच म्हणायची. तीन वर्षांत गीता छातीभर पाण्यात उभी राहायला शिकली. पोहायला मात्र शिकली नाही.

चौपन्न सालच्या पावसाळ्यात गाढवी नदी फुगली आणि तिचं पाणी दोन दिवस तलावात शिरलं. पूर ओसरला, मगर मागं राहिली. गुराख्यांनी ती मावळतीच्या लव्हाळ्यात पाहिली. आधी कुणी खरं मानलं नाही. मग भाद्रपदात त्यांच्यातल्याच जागेश्वर गायक्याच्या डोळ्यांसमोर तिनं म्हशीचं रेडकू ओढून नेलं, आणि गाव चिंचेखाली जमलं.

रेवाराम पटेल खाटेवर बसले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते मालगुजार होते, तलाव त्यांचा होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. बंदूक तेवढी राहिली, आणि खाटेवर बसायची सवय.

"सरकारचा तलाव, म्हंजे मगर बी सरकारची," म्हातारा बकाराम ढिवर म्हणाला. "तिले हात लावाचा तं अर्जी करा लागंन का जी पटेलजी?"

लोक हसले. पटेलही हसले. "अर्जी तू लिख, बकाराम. अंगठा मगरीचा घेऊन ये."

मग हसणं थांबलं आणि उपाय निघाले. कुणी म्हणालं, पाणी सोडून द्या, मगर उघडी पडेल. त्यावर शेतकरीच उठले. उशिरा पिकणारं जड धान अजून पोटरीत आलेलं, शेवटचं पाणी याच तलावातून मिळायचं होतं. कुणी म्हणालं, मेलेल्या बकऱ्यात जहर भरा. उदाराम खाली पाहत म्हणाला, "सारी ढोरं तेथंच पानी पेतात." तो विषयही संपला. लव्हाळ्यात जाऊन हाकारा करायचा तर त्या गाळात माणसानं उभं कुठं राहायचं? उरली बंदूक. पण बंदुकीला बसायला कोरडी जागा हवी, नेम धरायला टेकण हवं. तशी जागा एकच होती, घाटावरची पाळ. तेव्हा ठरलं की घाटासमोर पाण्यात खुंट रोवायचा, त्याला रोज बकऱ्याची आतडी बांधायची, आणि मगर आली की पटेलांनी बार काढायचा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. धुरपतानंही डोलावली. ते मान डोलावणं तिला पुढं जन्मभर बोचत राहिलं.

नऊ दिवस आमिष बांधलं. पटेल दिवस मावळेपर्यंत बसायचे. दोन बार निघाले. एक पाण्याला लागला, एक खुंटाला. "खुंट मेला बाप्पा," बकाराम म्हणाला. मगर मात्र बंदूक घरी गेल्यावर यायची आणि आतडी खाऊन जायची. सकाळी खुंटावर दोरीचं नुसतं टोक असायचं.

दहाव्या दिवशी, भर दुपारी, पटेल जेवायला घरी गेले असताना, गीता घाटावर भांडी घासत होती. बायका उरकून गेल्या होत्या. धुरपता पाळीवर बसून टोपलीचा काठ बांधत होती. तिनं सहज वर पाहिलं. घाटापासून दोन हातांवर पाण्यात दोन गाठी होत्या. हलत नव्हत्या. त्यांच्या मागं पाणी किंचित जाड दिसत होतं, त्याखाली काही लांबलचक पसरलं असावं तसं.

तिनं हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं. आवाज आला नाही. टोपली कुठं पडली, पाळ कशी उतरली, तिला आठवत नाही. गीताची वेणी हाताला लागली, तेवढी तिनं धरली आणि सगळ्या अंगाचा भार मागं टाकला. दोघी दगडांवर आपटल्या. समोर पाणी फुटलं, आणि मग एक आवाज झाला. लोहाराच्या घणासारखा, पण ओला.

"आत्याबाई, केस तुटले ना माहे!" गीता ओरडली. मग तिनं वळून पाहिलं. ती जिथं वाकली होती तिथला पाण्याचा पितळी गुंड मगरीच्या तोंडात होता. मगरीनं तो दोनदा झटकला आणि सोडून दिला. गुंड कागदासारखा चेपला होता.

त्या रात्री धुरपता भिंतीला पाठ लावून बसून राहिली आणि एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत राहिली. मगर भादव्यात लव्हाळ्यात होती. घाट तिला माहीत नव्हता. घाट तिला आपण दाखवला. रोज ठरल्या वेळी, ताटात वाढल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ती चिंचेखाली उभी राहिली. बायका तिथं उभ्या राहत नसत.

"पटेलजी, आतडी बांधनं बंद करा. तिले आपुनच घाटावर जेवाले बलावून राहिलो."

"अन् मग काय? हात जोडून बसाचं?"

"तट्टा बांधाचा, बांबूच्या कामट्यांचा. ओढ्यात मच्छी अडवाले बांधतो तसा. मच्छी आत धरतो ना आपून? इथं मानूस आत धराचा, मगर बाहेर. घाट अन् शिंगाडा, एवढंच. बाकीचा तलाव घेऊ द्या तिले."

"मगरीले कोंबडी समजली का व?" बकारामानं विचारलं. "कामट्या पाहून परत जाईल?"

"जाड्या कामट्या लावू. चार बोटांची फट. मेखा हातभर गाळात." धुरपतानं बोटांनी फट दाखवली. "बंदुकीवाला एक आहे. तट्टा बांधनारे हात गावात पन्नास आहेत."

पटेलांनी बंदूक मांडीवरून काढून खाटेवर ठेवली. "बांबू माझ्या बेटातले तोडा," म्हणाले. "पर तुटला तट्टा, तं सारे माझ्याकडेच याल."

अकरा दिवस काम चाललं. बांबू फोडून कामट्या काढल्या, माहुलवेलाच्या सालीच्या दोरीनं विणल्या. उदाराम आणि तीन ढिवर लाकूड कोरून केलेल्या डोंग्यात उभे राहून मेखा ठोकत. प्रत्येक ठोक्याला डोंगा डुले आणि काठावरच्या बायका श्वास धरत. आमिष बंद झालं तरी मगर तीन दिवस खुंटापाशी येऊन थांबायची. चौथ्या दिवसापासून दिसली नाही. दिसत होती तोवर निदान कुठं आहे ते कळत होतं.

आणि शेवटचा तट्टा बसला, तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला. तो बोलला मात्र उदाराम.

"आत तं नाई ना राहिली?"

घाटाजवळच्या उघड्या पाण्यात त्यांनी जाळं ओढलं, काही नव्हतं. पण शिंगाड्यात जाळं ओढता येत नाही, वेल उपटून येतात. बांबूनं टोचून पाहिलं. बांबू गाळात जायचा, वेलात अडकायचा, काय लागलं ते कळायचं नाही. एक अख्खा दिवस गाव पाळीवर बसून पाण्याकडे पाहत राहिलं. पण पानांच्या त्या चटईखालून एखादं नाकपुडं वर आलं असतं तर कुणाला दिसणार होतं? आणि शिंगाडा पिकला होता. डोंग्यातून हात घातला तर वेल सोडून खाली जाणाऱ्या शिंगाड्यांचा बुडबुड आवाज येत होता.

"मी उतरतो," उदाराम म्हणाला.

"तट्टा माह्या तोंडातून निघाला," धुरपता म्हणाली. "मीच जाईन." मग गीताकडे वळून तिनं सांगितलं, "मी बलावल्याबिगर पाय भिजवाचा नाई. समजलं?"

सकाळ होती. ऊन कोवळं होतं. तिनं घागर पालथी घातली आणि पाण्यात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. पाणी थंड होतं, पण तिला घाम फुटला होता. पाळीवर पन्नास माणसं उभी होती. तिनं पहिला वेल उचलला. खाली काळं पाणी. एक पाऊल. पायाखाली गाळ, मऊ, ओळखीचा. दुसरं पाऊल. गाळात एक पाऊल टाकायला किती वेळ लागतो हे तिला त्या दिवशी कळलं. पोटरीला काही घासून गेलं, आणि तिच्या कानात शिट्टी वाजली. मासा होता. मासाच असावा. ती थांबली, पुन्हा निघाली. चाळीस पावलांचं ते पाणी. ओळीनं जायचं, ओळीनं परत यायचं, एकही कोपरा सोडायचा नाही. दात वाजू नयेत म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

शेवटची ओळ तट्ट्याला लागून होती. ती तिथं पोचली, आधारासाठी तिनं कामट्यांवर हात ठेवला, आणि तट्टा हलला.

तिनं ढकलला नव्हता. वारा नव्हता. तट्टा पुन्हा हलला, बाहेरून आत दाबला गेला, आणि दोऱ्या करकरल्या. चार बोटांच्या फटीतून तिला डोळा दिसला. पिवळा, मध्ये उभी काळी चीर. तिच्या हातापासून वीतभर. इतक्या जवळ की पापणी खालून वर आलेली तिनं पाहिली.

तिनं दुसऱ्या हातानं घागर कवटाळली. घागर नसती तर ती बुडाली असती. पळावं असं अंगातलं प्रत्येक हाड सांगत होतं. आणि त्याच क्षणी डोक्यात उजेड पडला: ही इथं आहे, म्हणजे ही बाहेर आहे.

तिनं तोंडातला बोळा काढला. "गीता," ती म्हणाली. आवाज फुटला तेव्हा तो रडण्यासारखा होता. "ये व. बाहेर आहे. मले दिसून राहिली."

तट्टा आणखी दोनदा दाबला गेला. टिकला. मग पाणी हललं आणि डोळा निघून गेला. त्या दिवशी सासू-सुनेनं दोन टोपल्या शिंगाडा काढला. टोपल्या भरताना अर्धा खाली सांडला.

पुढं दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास तट्टा नव्यानं बांधला जाई. शेजारच्या दोन गावांनी तसाच बांधला. एका गावात जमला, दुसऱ्यात तलावाचा तळ खडकाचा होता, मेखा धरेनात, त्यांनी वेगळं काही केलं. पळसबोडीत मगरीनं पुन्हा माणसावर झडप घातली नाही. वासरं दोन गेली, मावळतीकडे. लोक म्हणत, धुरपतानं भीती घालवली. पण तिची गेली नव्हती. दर वर्षी तट्टा बंद झाला की पहिली तीच उतरे, तट्ट्याला लागून उभी राही, आणि मगर बाहेर दिसेपर्यंत गीताला बोलावत नसे. कधी घटकाभर, कधी पूर्ण दिवस. बाकीच्या बायका पाळीवर बसून वाट पाहत. कुणी तिला घाई केली नाही.

एकोणसाठ साली मगर दिसली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. "मेली असंन," कुणी म्हणालं. "नदीत गेली असंन," बकाराम म्हणाला, आणि त्या वेळी त्यानं थट्टा केली नाही. धुरपता तट्ट्याशी उभी राहून बाहेरच्या पाण्याकडे पाहत होती. पाणी सपाट, स्वच्छ, रिकामं. इतकं रिकामं पाणी तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मेली की गेली की तिच्या पाठीमागं, पानांखाली, आत आहे? तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ निळे पडले. शिंगाडे वेल सोडू लागले होते. तरी तिनं हाक मारली नाही. तिला मारता येईना.

मागं पाणी हललं. ती किंचाळून वळली.

गीता होती. कमरेपर्यंत आलेली, घागर छातीशी घट्ट धरून, तोंड पांढरं पडलेलं.

"मी बलावली नाई तुले," धुरपता म्हणाली.

"माहीत आहे जी."

गीता आणखी चार पावलं पुढं आली आणि सासूच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. एकीनं तट्ट्याकडची ओळ धरली, दुसरीनं घाटाकडची. दोघींनी वेल उचलायला सुरुवात केली.