‘पण’पाशी थांबलेला निबंध

मी लॉसाठी अर्ज केला त्या वर्षी आमच्या घरात कुणालाच एका जागी स्वस्थ बसता येत नव्हतं. दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आम्ही इंग्लंडात, बेसिंगस्टोकला राहायचो. बाबा तिथल्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरचं काम करायचे, आई नर्सरीत मुलं सांभाळायची आणि मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते.

मला जिथे जायचं होतं ते विद्यापीठ फार निवडून मुलं घ्यायचं. नुसत्या ए-लेव्हलवर, तिथल्या बारावीवर, त्यांचं भागत नसे. आधी एक वेगळी परीक्षा, त्यात पर्यायांचे प्रश्न आणि एक निबंध, आणि मग मुलाखत. या परीक्षेची गंमत अशी की मार्क लगेच विद्यापीठाला कळायचे, आपल्याला मात्र त्यांचा निर्णय झाल्यावरच. म्हणजे माझे मार्क मला सोडून बाकी सगळ्यांना माहीत.

बाबांना यातलं मुलाखतीचं प्रकरण पटत नव्हतं. ते पुण्यातल्या आमच्या वस्तीतून शिकून वर आलेले, बोर्डाच्या मार्कांवर. "मुलाखतीत आधी आडनाव विचारतात," ते म्हणायचे. "पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. मार्क असे आण, की त्यांना विचारायला जागाच उरू नये."

"बाबा, इथे कुणाला कळतंय आपलं आडनाव? त्यांना ते धड म्हणताही येत नाही."

"तू मार्क आण," ते म्हणायचे.

जवळच्या सेंटरच्या तारखा भरल्या होत्या म्हणून मला क्रॉयडनला जागा मिळाली. बाबा रजा टाकून सोबत आले. ट्रेनमध्ये मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते आणि बाबा ते न वाचताच माझ्याबरोबर त्याच पानाकडे बघत होते.

पहिला भाग ठीक गेला. निबंधासाठी मी विषय घेतला, ‘शाळेत युनिफॉर्म सक्तीचा असावा का?’ असावा, असं मी लिहीत होते. गरीब-श्रीमंत सगळी मुलं एकसारखी दिसतात वगैरे. ते लिहिताना माझं मलाच कळत होतं की हे फार गुळगुळीत होतंय. मग मी ‘पण’ लिहिलं, आणि फायर अलार्म वाजला.

सगळ्यांना बाहेर काढलं. कार पार्कमध्ये आम्ही थंडीत उभे. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टोस्ट जळला होता म्हणे. परत आत गेलो तर माझ्या स्क्रीनवरचं घड्याळ थांबलंच नव्हतं. बसले, कीबोर्डवर हात ठेवले आणि वेळ संपून स्क्रीन बंद झाली. देखरेखीला असलेल्या बाईंनी सॉरी म्हटलं, "झालेला प्रकार आम्ही कळवू," म्हणाल्या. वर्षातून एकदाच बसता येणारी परीक्षा. मी बाहेर आले आणि बाबांना बघून रडायलाच लागले.

बाबा तक्रार करायला आत निघाले. मी त्यांची बाही धरली. "नको ना, प्लीज. त्या कळवणार आहेत."

"कळवणार! आणि नाही कळवलं तर?"

पुढचे आठवडे फार वाईट गेले. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "होईल ग काहीतरी," आणि मला त्या ‘काहीतरी’चाच राग यायचा. जेवताना, बसमध्ये, इतिहासाच्या तासाला, ‘पण’पाशी अडलेलं ते वाक्य मी मनात पुरं करत राहायचे. दर वेळी वेगळं व्हायचं. बाबा ऑफिसातून आले की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग बूट काढायचे.

आणि मुलाखतीचं बोलावणं आलं! आईने शिरा केला. बाबा मात्र आणखीनच अस्वस्थ झाले. त्यांच्या मते खरा धोका आता होता.

मुलाखतीच्या खोलीत दोघं होते, एक म्हातारे गृहस्थ आणि एक मध्यमवयीन बाई. बाईंच्या हातात माझ्या निबंधाची प्रिंट होती. "अलार्मचं आम्हाला कळलंय," त्या म्हणाल्या. "तुझा निबंध ‘पण’पाशी थांबलाय. पुढे काय होतं?"

इतक्या दिवसांत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मग मी बाबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेत सगळ्यांना खाकी चड्डी आणि पांढरा शर्ट होता. तरी कुणी कुठे बसायचं हे मास्तरांना माहीत होतं, आणि बाबांची जागा दाराजवळ, शेवटी होती. "युनिफॉर्मने कपडे सारखे होतात," मी म्हणाले. "बसायची जागा सारखी होत नाही."

"मग सक्ती कशाला हवी?" गृहस्थांनी विचारलं.

"कारण तो नसता तर बाबा फाटक्या कपड्यांत शेवटी बसले असते."

ते हसले आणि त्यांनी मला पुन्हा अडवलं. मी भांडले. एकदा मी स्वतःचंच म्हणणं खोडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "थांब, आता तू कुठल्या बाजूला आहेस?" मलाच हसू आलं. कितीतरी दिवसांनी मी मार्कांचा विचार न करता बोलत होते.

बाबा विद्यापीठाच्या फाटकापाशी उभे होते. "आडनाव विचारलं?"

"नाही. तुमच्याबद्दल विचारलं."

मी सगळं सांगितलं. ते चालायला लागले. मग म्हणाले, "दाराजवळचं कशाला सांगितलंस?" आणि थोडं चालून गेल्यावर, "काय म्हणाले ते त्यावर?"

नकार आला. दोन ओळींचा, सभ्य. त्यानंतर काही आठवड्यांनी मार्क कळले आणि निबंध अर्धा राहूनही ते चांगले होते, अगदी बाबांना हवे होते तसे. बाबांनी तो आकडा वाचला, खुर्चीवर बसले, लगेच उठले.

"मार्क होते. मग अडलं कुठे?"

"मला नाही माहीत."

"काहीतरी असणारच ना."

माझ्या शिक्षिकेने विद्यापीठाला फोन करून विचारलं. अर्ज करणारे सगळेच चांगले होते, जागा थोड्या होत्या, इतकंच उत्तर मिळालं. बाबांचं त्याने समाधान झालं नाही. खरं तर माझंही नाही. कमी मार्क पडले असते तर निदान मला दोष द्यायला टोस्ट जाळणारा तो माणूस तरी होता.

मी शेफील्डला लॉ केलं. तिथेही ए-लेव्हलच्या ग्रेडची अट होतीच, त्यामुळे ऑगस्टपर्यंत आमच्या घरी पुन्हा तोच प्रकार. ग्रेड मिळाल्या त्या दिवशी मी शाळेच्या गेटमधून कागद हलवत धावत आले. बाबांनी तो घेतला, पुण्याला काकांना फोन लावला आणि एकेक विषय मोठ्याने वाचून दाखवला.

"हो, मुलाखत पण झाली होती रे," ते काकांना म्हणाले. "भांडली म्हणे त्यांच्याशी. माझ्यावरून."