हरतालिकेचं पाणी

आमच्या माहेरी, साताऱ्याकडे, हरतालिकेला फळं चालायची, दूध चालायचं, आणि एखादी काकू राजगिऱ्याचा लाडूही चालवून घ्यायची. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा नानाखेड्याच्या कॉलनीत शेजारणींची तीज, म्हणजे त्यांची हरतालिका, पाहिली. या बायका पाण्याचा थेंब घेत नाहीत. मग मीच का मागे राहू? मीही निर्जळ धरली. खरं सांगायचं तर त्यात भक्ती चार आणे आणि ईर्ष्या बारा आणे होती. पुढे सगळ्या कॉलनीची पूजा आमच्याच हॉलमध्ये व्हायला लागली. पस्तीसेक वर्षं मी ह्यांच्यासाठी घसा कोरडा ठेवला, आणि हे त्या दिवशी आतल्या खोलीत बसून खुशाल पोह्यांवर शेव घालून खात.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी सुनेला सातवा महिना होता आणि मुलगा दवाखान्यात होता. सुनेच्या पहिल्या तपासण्यांमध्ये एचआयव्हीचीही होती. प्रत्येक गरोदर बाईची करतात, तशी तिची केली, आणि ती पॉझिटिव्ह निघाली. मग मुलाचीही केली. त्याचीही तीच. त्याचा खोकला आम्ही हवेवर ढकलत होतो, तो क्षयाचा निघाला.

त्याला हे कुठून आलं ते त्याने मला सांगितलं. मी इथे सांगणार नाही, आणि वाचणाऱ्यानेही अंदाज बांधत बसू नये. आजारी माणसाला औषध लागतं, पंचनामा नाही. अर्थात हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी हळू आवाजात त्याला जे बोलले ते मास्क लावलेल्या नर्सलासुद्धा ऐकवलं नसतं. तो भिंतीकडे तोंड करून रडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग मी मोसंब्याचा रस काढला आणि त्याला चमच्याने पाजला.

सुनेला दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, घरातलं कुणी विश्वासाचं माणूस आहे का, ज्याला सांगितलं तर तुला आधार होईल? सांगायचं की नाही ते तूच ठरव, कुणाची जबरदस्ती नाही. तिची आई देवासला, तासाभराच्या वाटेवर. तरी तिने माझं नाव घेतलं. मी काही फार गोड सासू नव्हते. तिच्या पोळ्यांना मी नकाशे म्हणत असे. त्यामुळे तिने मला का निवडलं याचं मला आजही नवल वाटतं, आणि आजही त्याने ऊर भरून येतो.

त्या बाईंसमोर बसून मी भरमसाट प्रश्न विचारले. ताट-वाटी वेगळी ठेवायची का? नाही. कपडे, साबण, संडास? काही वेगळं नको. तिला जवळ घेतलं तर? घ्याच, म्हणाल्या. डास? डासाने हा आजार पसरत नाही. मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं, पोटातल्या बाळाचं काय? त्यांनी नीट समजावून सांगितलं. रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी. ती नेमाने घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की बाळाला लागण होण्याची शक्यता फारच थोडी उरते. जन्मल्यावर बाळालाही काही आठवडे औषध द्यायचं, वेळोवेळी तपासायचं, आणि दीड वर्षाचं झाल्यावर शेवटची तपासणी करायची. औषधं सरकारी, फुकट. दोघांनाही ती कायम घ्यायची आहेत, आणि घेत राहिले तर तेही चारचौघांसारखे जगतील. सगळी मदार गोळी न चुकवण्यावर.

सुनेने संध्याकाळचे आठ ही वेळ ठरवली आणि फोनमध्ये अलार्म लावला. गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची हा प्रश्न मी सोडवला. उपासाच्या फळीवर साबुदाण्याचा मोठा डबा होता, त्यात ती बाटली अख्खी ठेवली. आमच्या घरात त्या फळीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी फळं आणून ठेवली. पोटुशीने काही कडक उपास करायचा नसतो, हे आमच्या शेजारणीही मानतात. सकाळी सुनेने फळांकडे पाहिलंही नाही. निर्जळ करणार म्हणाली.

मी म्हटलं, वेडी झालीस का?

"आई, ते तिकडे दवाखान्यात पडलेत. आणि मी इथे केळं खात बसू?"

मी बाळाचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. ती म्हणाली, आजची राहू दे, एका दिवसाने काय होतं, उद्या पहाटे पूजा विसर्जन झाली की घेईन. पाण्याच्या घोटाने व्रत मोडतं, आणि यंदा मोडलं तर त्यांना काही झालं म्हणजे? व्रताचा हा कडकपणा तिला लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेला शिकवला कुणी? अस्मादिकांनीच. मी दवाखान्यात फोन लावला. त्या बाई म्हणाल्या, एक गोळी चुकली म्हणून लगेच अनर्थ होत नाही, पण जाणूनबुजून चुकवायची नाही, आज एक, मग दुसऱ्या व्रताला दुसरी, असंच सुरू होतं. आणि सातव्या महिन्यात दिवसभर पाण्याविना तर मुळीच नको. मी ते शब्दन् शब्द सुनेला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मुलाने तिकडून फोन करून सांगितलं, तरी तेच.

दुपारपर्यंत तिचे ओठ सुकले. कॉटवर कुशीवर पडून होती. मी दर थोड्या वेळाने जाऊन तिच्या पोटावर हात ठेवायची. बाळ हलत होतं. मला देवाची भीती वाटत नव्हती, मला त्या बाळाची भीती वाटत होती.

संध्याकाळी बायका जमल्या. वाळूची पिंड केली, शेजारी पार्वती आणि तिची सखी. पत्री वाहून झाली. समोरच्या घरातली शेजारीण दरवर्षी तिच्या हिंदीत कथा सांगते, तिने सुरू केली. सुनेचं कौतुक करून झालं, ऐसी हालत में भी निर्जला, बहू हो तो ऐसी. सून खाली मान घालून बसली होती. कथा संपत आली तसा तो भाग आला, व्रत मोडणाऱ्या बाईला पुढे कोणकोणता जन्म मिळतो त्याचा. आज जी पाणी पिईल ती पुढच्या जन्मी जळू होईल, असं ती दरवर्षी सांगते आणि दरवर्षी आम्ही हात जोडतो.

तेवढ्यात अलार्म वाजला. सुनेने घाईने तो बंद केला आणि फोन पदराखाली सरकवला.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, साबुदाण्याचा डबा उघडला, एक गोळी काढून मुठीत धरली. माठातून मोठा पेला भरला, बाहेर आले आणि सगळ्यांच्या समोर, पिंडीच्या समोर, घटाघट अर्धा पेला प्यायले. इतक्या वर्षांत त्या दिवशीचं पाणी कसं लागतं ते मला ठाऊकच नव्हतं. फार गोड लागलं.

शेजारीण म्हणाली, "भाभीजी, ये आपने क्या किया? व्रत तोड़ दिया?"

"तोड़ दिया. अगले जनम में जोंक बनूँगी तो बनूँगी," मी म्हटलं, "इस जनम में मुझे दादी बनना है."

मग मी सुनेजवळ खाली बसले. गुडघे कुरकुरले. तिच्या कानाशी म्हटलं, "ज्याच्यासाठी तू तहानलेली आहेस ना, त्याची मी आई आहे. आधी मी प्यायले. काय पाप लागायचं ते मला लागून गेलं. आता तू घेऊन घे बेटा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गोळी तिच्या तळव्यात ठेवली आणि उष्टाच पेला पुढे केला. तिने गोळी तोंडात टाकली आणि उरलेलं पाणी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. बायकांना वाटलं, रक्तवाढीची गोळी असेल. वाटू दे.

त्या रात्री आमच्याकडे फुगड्या नेहमीसारख्या रंगल्या नाहीत. कॉलनीत पुढे महिनाभर चर्चा होती की मुलाच्या आजाराने काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला. सकाळी हे दहीभात खाताना म्हणाले, तू पाणी प्यायलीस, तरी मी अजून आहे बरं का. मी म्हटलं, दिसतंय.

मुलगा घरी आला. वजन हळूहळू भरलं. आता दोघांचा अलार्म एकाच वेळी वाजतो आणि कधी तो तिला, कधी ती त्याला बाटली देते. कार्तिकात नात झाली. तिला चमच्याने औषध पाजताना ती ते माझ्याच अंगावर उडवायची. पहिली तपासणी चांगली आली, नंतरचीही. पण शेवटची होईपर्यंत मी कुठेही नवस बोलले नाही. आता नवसाची भीती बसली होती.

दीड वर्षाची झाल्यावर आम्ही तिघी रिक्षाने दवाखान्यात गेलो. वैशाखाचं ऊन होतं. सून अहवाल घ्यायला आत गेली, मी नातीला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले. नात माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या ओढत होती. दार उघडलं आणि सून बाहेर आली. तिने काही बोलायच्या आत मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. तरी म्हटलं, बोल. ती म्हणाली, निगेटिव्ह. बाळाला काही नाही. पुन्हा तपासायचीसुद्धा गरज नाही.

मग ती माझ्या शेजारी बसून खूप रडली. मीही रडले. नात आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. थोड्या वेळाने मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरली. उन्हाने तिचे ओठ त्या दिवशीसारखेच सुकले होते. तिने बाटली घेतली, आणि प्यायच्या आधी माझ्यापुढे केली.

"आई, आधी तुम्ही."