आडव्या बाटलीचं मत

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. येडाईच्या डोंगरावर जाऊन हात जोडले तेव्हाही या गोष्टीला वळसा घालून बाकीचंच सगळं बोलत बसले — जसं काही मी सांगितल्याशिवाय देवीला कळणारच नव्हतं. तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या गावचे नाही, त्यामुळं तोंड उघडायला जरा सोपं जातं. बघू, कुठवर जमतं ते.

माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर, नखाच्या बुडाशी, एक डाग आहे. काळपट, जरा सुरकुतलेला. कुणी विचारलं तर भजी तळताना तेल उडालं म्हणून सांगते. इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच ती कढई दिसायला लागलीय. कढई कधी नव्हतीच.

पण ते नंतर. आधी मी कोण ते सांगते. येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष, बारावीपर्यंत शिकलेली, तोंडानं फटकळ. गावात मला मंदाताई म्हणतात, आणि पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मतदानाच्या बाबतीत तर माझा भारीच दरारा. निवडणूक जवळ आली की कळंबच्या कॉलेजात मला भाषणाला बोलावतात. मी पोरींना विचारते, मतदानादिवशी जी बाई घरात बसून राहिली, तिनं नंतर कुरकुर कशाला करावी? पोरी टाळ्या वाजवतात. मी शाल घेते, नारळ घेते, एसटीनं घरी येते. आणि तो नारळ — खरं सांगू? — तो मी घरात कधी फोडत नाही. वाटेत कुणाला तरी देऊन टाकते.

आता सुमनचं सांगते. तिच्यापासून लांब लांब पळत होते, पण तिच्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

सुमन आमच्याच गल्लीतली, तोंडावरच्या घरात राहणारी. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. शाळेचं तोंड न पाहिलेली, सहीच्या जागी अंगठा. नवरा प्यायचा, आणि पिऊन घरी आल्यावर काय करायचा ते मी सांगायला नको. पण सुमन त्याच्यासाठी नाही उठली. ती उठली पोरीसाठी. तिची अश्विनी अकरावीला कळंबला जायची. एसटी फाट्यावर थांबते, आणि फाट्यावरच्या शेडला लागूनच देशी दारूचं दुकान. सरकारमान्य — बोर्डावर तसं लिहिलेलं होतं. सकाळ-संध्याकाळ पोरी शेडात उभ्या, आणि शेजारच्या बाकड्यावर ती माणसं. एका संध्याकाळी त्यातल्या एकानं अश्विनीची ओढणी धरली. एवढंच ना, असं ठाण्यातले साहेब म्हणाले. तक्रार दिली तर पोरीचंच नाव चार गावांत होईल, उद्या लग्न करायचंय तिचं, असं त्यांनी सुमनला समजुतीनं सांगितलं. चहासुद्धा पाजला.

मग तिला कुठून तरी कळलं की बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडता येतं. अर्ज करायचा, गावातल्या पाव हिश्श्याहून जास्त बायकांच्या सह्या जोडायच्या, की सरकार मतदान घेतं, फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. सुमननं येऊन माझं दार वाजवलं. "मंदाताई, तुमाला लिवाय-वाचाय येतंय. तुमी फुडं व्हा, म्या मागं हाय."

मी पुढं झाले. खोटं कशाला बोलू, आवडलं मला ते पुढं होणं.

पण त्या कामात आम्हाला किती फिरवलं म्हणून सांगू. सह्या तपासायला दारूबंदी खात्याचे साहेब येणार म्हणून बायका मजुरी बुडवून शाळेत जाऊन बसल्या, साहेब आलेच नाहीत. पुढच्या खेपेला आले, तर म्हणे अंगठे जुळत नाहीत. सुमनचा स्वतःचा अंगठा त्यांनी बाद केला. खुरपं धरून धरून तिच्या अंगठ्याच्या रेघाच गेल्या होत्या, त्याला ती काय करणार? पुन्हा अर्ज. मतदानाची तारीख लागली, ती पोलीस बंदोबस्त मिळत नाही म्हणून रद्द झाली. मग धाराशिवला जायचं, हापिसाबाहेरच्या बाकावर बसायचं, साहेब मीटिंगला गेलेत असं ऐकायचं आणि परत यायचं. त्या बाकावर बसून बसून माझा जीव विटला. या लोकांच्या हातून काही होणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सुमनही त्याच बाकावर बसत होती.

आणि त्यात तो नियम. आलेल्या बायकांपैकी निम्म्या नव्हे, तर यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं पाहिजे. म्हणजे जी बाई आलीच नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. हे गल्लोगल्ली जाऊन कुणी समजावून सांगितलं? मीच. पाटीवर खडूनं बाटल्या काढून सांगितलं. घरात बसलेली बाई ही दुकानाच्या बाजूनं उभी राहिलेली बाई, हे शब्द माझे.

आमच्याकडं बायका मतदानाला एकट्यादुकट्या जात नाहीत. गल्लीतल्या सगळ्या मिळून निघतात, एकीनं पुढं होऊन दारोदार हाक मारायची असते. त्यात दुकानवाल्याची पोरं शाळेच्या वाटेवर मोटारसायकली लावून बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एकेक गल्ली एकेकीनं वाटून घेतली. आमची गल्ली माझ्याकडं. सुमन दिवसभर लांबच्या वस्तीवरून ट्रॅक्टरनं बायका आणणार. आदल्या संध्याकाळी मी गल्लीतल्या बायकांना बजावलं, मी हाक मारल्याशिवाय कुणीही बाहेर पडायचं नाही.

आता त्या दिवसाचं. इथं माझा हात थांबतोय.

येडाईची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. ऊन म्हणजे नुसता जाळ. मालक कामाला बार्शीला गेलेले. मी अंघोळ केली, साडी नेसले, चहा घेतला आणि बाजेवर बसले. बसूनच राहिले. मनात म्हटलं — काय होणार आहे? जिंकलो तरी हे लोक काहीतरी खुसपट काढतील. नाहीतर दुकानवाला कोर्टातून स्टे आणेल. नाहीतर दुकान रस्त्याच्या पलीकडं जाईल. मग कशाला ते उन्हात जायचं, त्या पोरांच्या नजरा झेलायच्या? मला कुणी धमकावलं नव्हतं. घरातून कुणी अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर आज सांगायला किती बरं झालं असतं. मी स्वतः उठले, दाराला आतून कडी घातली, पंखा लावला आणि आडवी झाले.

एका बाईनं काय फरक पडतोय, असं म्हणत होते मी. पण मी एक बाई होते का? अख्खी गल्ली माझ्या हाकेवर बसलेली होती — आणि मला ते चांगलं माहीत होतं.

दुपारी दार वाजलं. समोरच्या घरातल्या नसीमाभाभी. त्यांच्या ओसरीवर सगळ्या जणी नेसून-सवरून बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्या, बोलणं मला आत ऐकू येत होतं. "मंदाताई, निघायचं न्हाय का? समद्या तयार हायती." मी पंख्याकडं बघत पडून राहिले. आमचा पंखा फिरताना कुटकुट वाजतो. भाभींना बाहेर तो ऐकू गेला असेल का? त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली. मग चपला परत गेल्या. उठावंसं वाटलं नाही का? वाटलं. प्रत्येक वेळी वाटलं, आणि प्रत्येक वेळी मी कूस बदलली.

ऊन कलल्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि त्यावर सुमनचा. वस्तीवरच्या सगळ्या बायका शाळेत पोचवून झाल्या, असं ती कुणाला तरी ओरडून सांगत होती. तेव्हा मी घाबरले. आता बोट दाखवावं लागणार. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांसाठी आणलेले बिबे अजून डब्यात होते. त्यातला एक घेतला, सुई टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं. त्या तेलानं बोटावर, नखाच्या बुडाशी, रेघ ओढली. थोड्या वेळानं ती काळी पडली, अगदी शाईसारखी. मग दार उघडलं. मी सकाळीच मागच्या वाटेनं जाऊन मत देऊन आले, नंतर ऊन लागून भोवळ आली, पडून होते — हे सगळं मी बायकांना न अडखळता सांगितलं. वर हेही म्हटलं, की तुम्हाला काय पाय नव्हते? तोवर मतदान बंद झालं होतं.

रात्री मोजणी झाली. आडवी बाटली कमी पडली. फार नाही — जेवढी मतं कमी पडली, तेवढ्या बायका नसीमाभाभींच्या ओसरीवर बसलेल्या होत्या. बायकांनाच गरज वाटत नाही त्याला आम्ही काय करणार, असं म्हणून साहेब गाडीत बसले. आता वर्षभर अर्ज करता येणार नाही, एवढं सांगायला मात्र विसरले नाहीत. सुमन माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेतला, बोटावरची रेघ बघितली आणि म्हणाली, "तुमी तर गेलता, ताई." बास, एवढंच. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बोट फुगलं, फोड आला, आग आग झाली. तेल उडालं म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले. नसीमाभाभी आल्या, बोट उजेडात धरून बघितलं, घरी गेल्या आणि वाटीत खोबरेल घेऊन परत आल्या. "बिबा उतलाय ह्यो. खोबरेल लावा, ताई. पानी लावू नगा." बिबा बोटाला कसा लागला, हे त्यांनी विचारलं नाही. कधीच विचारलं नाही.

आता यापुढचं सांगायला सगळ्यात जड आहे. तुम्हाला वाटत असेल, खोटं बोलण्यापर्यंत येऊन मी थांबले असेन. नाही थांबले. पुढच्या आठवड्यात गटाची बैठक होती, एक पेपरवालाही आला होता. मी उठून बोलले. आमच्याच गल्लीनं घात केला म्हणाले. बायकांनाच आपल्या हक्काची किंमत नाही, सरकारला नावं ठेवून काय उपयोग, म्हणाले. छान बोलले मी, लोक गप्प होऊन ऐकत होते. नसीमाभाभी समोरच बसल्या होत्या. त्या पदर सावरत उठतील आणि सांगतील, असं मला वाटलं. त्या उठल्याही. "चुकलं आमचं," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

का म्हणाल्या असतील तसं? इतकी वर्षं मी हाच एक प्रश्न चघळत बसलेय.

सुमननं त्यानंतर थोडे दिवस अश्विनीला स्वतः फाट्यापर्यंत सोडलं, एसटी येईतोवर तिच्यासोबत उभी राहिली. रोजची मजुरी बुडायला लागली, तसं पोरीचं कॉलेजच बंद केलं. अठरा पूर्ण व्हायच्या आत नळदुर्गकडं देऊन टाकली. मी लग्नाला गेले. अक्षता टाकल्या. कायदा मला ठाऊक होता, भाषणात तोही सांगायचे मी. वर्ष उलटल्यावर सुमन पुन्हा माझ्या दारात आली, परत अर्ज करू का म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे गं, बायका येत नाहीत, बघितलंस ना. ती गेली. दुकान अजून तिथंच आहे. बोर्ड नवा लावलाय, दिवेवाला.

मागच्या निवडणुकीला आम्ही गल्लीतल्या सगळ्या मिळून मतदानाला गेलो. मी पुढं, माझ्यामागं नसीमाभाभी, त्यांच्यामागं सुमन. माहेरपणाला आलेल्या अश्विनीची पोरगी सुमनच्या कडेवर. पोरगी माझ्या बोटाकडं बघत होती, हे काय झालंय म्हणून विचारत होती. सुमन तिला म्हणाली, "ह्या आज्जीला नीट बघून ठेव. बाटलीच्या मतदानाला माझ्याबिगर आपल्या गल्लीतनं एकटी हीच गेलती." मी मागं वळले. सुमनकडं बघायला वळले होते, पण मध्ये नसीमाभाभी होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं — रागानं नाही, दयेनं नाही, रोज पाणी भरताना बघतात तसंच.

"फुडं सरका, ताई," त्या म्हणाल्या. "लाइन थांबलीया."

मी पुढं सरकले. आतल्या माणसानं शाईची रेघ नेमकी त्या डागावरून ओढली.

सुमनला मी अजून सांगितलेलं नाही. ती समोरून येते, मी तिला चहा प्यायला बोलावते, ती येते. शेवटी मी हे लिहून काढायचं ठरवलं, आणि लिहायचंच का ठरवलं तेही सांगून टाकते. सुमनला वाचता येत नाही.