काढून ठेवलेली चित्रं

माझी बायको सुहासिनी साताऱ्याची. खिडकी उघडली की समोर डोंगर असायलाच हवा, अशा समजुतीत वाढलेली. लग्न होऊन दिल्लीला आली आणि मयूर विहारच्या गच्चीवर उभी राहून मला विचारते, "अहो, इथे नजर थांबते कुठे?" मी सरकारी कचेरीतला माणूस, मला काय कळणार कपाळ! म्हटलं, "थांबवायची कशाला? पाण्याची टाकी भरली का बघ आणि खाली चल."

ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि रविवारी यमुनेच्या काठावर जाऊन निसर्गचित्रं काढायची. छत्री, घडीचं स्टूल, रंगांची पेटी, आणि ओझं वाहायला मी. सुरुवातीची कित्येक वर्षं ती यमुनेमागे सह्याद्री काढत होती. खरंच सांगतो! नदी इथली, काठावरचे भाज्यांचे वाफे इथले, आणि मागे चक्क अजिंक्यतारा. लोकांना ती चित्रं भारी आवडायची. मलाही. चांगली हिरवीगार, बघितलं की बरं वाटायचं.

मग एका जानेवारीत इथल्या मराठी मंडळींबरोबर बसनं पानिपतला गेलो. लढाईच्या जागी, काला अंबच्या स्मारकापाशी, सगळे घोषणा देतायत, डोळे पुसतायत, आणि ही बाई सगळ्यांकडे पाठ करून कुंपणापलीकडचं धुक्यातलं शेत काढत बसलेली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! "अगं, लोक काय म्हणतील?" तर म्हणे, "थांबा हो, आत्ता कुठे दिसायला लागलंय." त्या चित्रात डोंगर नव्हता. त्यानंतर तो कधी आलाच नाही. सगळं सपाट, राखाडी. खाली पट्टीएवढी जमीन आणि वर नुसतं आभाळ. घरी आलेली माणसं विचारायची, "हे पूर्ण व्हायचंय का?" ती हसायची आणि मीही पाहुण्यांच्या बाजूनं हसायचो.

यंदा गुडघ्यांनी हात टेकले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आमच्या मुलीचं नाव पूर्वी. ती नोएडाला राहते, तिच्याच सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. अर्धं घर मागे सोडायचं होतं. सुहासिनीनं पलंगाखालची, कपाटामागची सगळी चित्रं बाहेर काढली आणि त्यांच्यात बसून राहिली. जेवायलाही उठेना. शेवटी डोंगरांची सगळी हॉलमध्ये भिंतीला टेकवली, आणि बिनडोंगरांची वेगळी करून बेडवर ठेवली. शाळेतल्या मैत्रिणींनी तिला निरोपाच्या जेवणाला बोलावलं होतं. चप्पल घालता घालता पूर्वीला म्हणाली, "चित्रांचं तेवढं बघ गं. बेडवरची मी काढून ठेवलीयेत."

काढून ठेवलीयेत, म्हणजे न्यायची म्हणून जपून बाजूला ठेवलीयेत. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. पण पूर्वी दिल्लीत वाढलेली. तोंडात मराठी, डोक्यात हिंदी. तिनं लगेच आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, हवी त्यांनी चित्रं न्या, आणि समोरच्या भाटिया आंटींना फोनवर सांगितलं, "हाँ आंटी, बेडवाली मम्मी ने निकाल दी हैं. आप ले जाइए, बिल्कुल."

मी तिथेच वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. एरवी पोरीच्या मराठीत खोट काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी मात्र मी मान वर केली नाही. मनात म्हटलं, बरंच झालं. नव्या घरात डोंगर तरी येतील, त्या राखाडी आभाळाखाली म्हातारपण काढायला नको. शेजारपाजारचे येऊन एकेक चित्र उचलून घेऊन गेले. दार मी उघडून धरलं होतं.

नोएडाला खोकी उघडली तर एकामागून एक अजिंक्यतारा. सुहासिनी तळापर्यंत हात घालून बघत राहिली. पूर्वीला स्पीकरवर फोन लावला.

"अरे यार आई, तूच तर म्हणालीस, बेडवरची देऊन टाकायची!"

"मी म्हणाले? देऊन टाकायची?"

"मग काय! बाबा पण होते तिथे. बाबांना विचार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता तरी बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

तिनं आदळआपट केली असती तर मी निभावून नेलं असतं. तिनं खोकं तसंच बंद केलं. सुहासिनीची आई शेवटी स्मृती जाऊन लेकीलाही ओळखत नव्हती. ते सगळं हिनं जवळून पाहिलेलं. दुसऱ्या दिवसापासून गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बघायला लागली. भाजीत मीठ घातलं का, मला विचारायची. नव्या बाल्कनीतून खालचं मोकळं रान दिसतं, पण स्टूल काही उघडलं नाही. म्हणायची, "सगळ्यात आवडती होती हो ती. तीच देऊन टाका म्हणून सांगितलं मी? असं कसं झालं?" मी म्हणायचो, "होतं गं दगदगीत." शरम नावाची गोष्ट असते ती मला तेव्हा चांगली कळत होती. रोज ठरवायचो, आज सांगतो. आणि रोज तिच्या हातचा चहा पिऊन गप्प बसायचो.

मग एका सकाळी ती पूर्वीला फोनवर म्हणाली, "स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घे गं. बाबांना त्रास नको, आपण दोघीच जाऊ." मी तेव्हाही बोललो नाही. पण जायच्या दिवशी ती आरशासमोर साडी नेसत स्वतःशीच पुटपुटत होती: आजची तारीख, वार, पंतप्रधानांचं नाव. डॉक्टर विचारतात म्हणून तयारी करत होती. मला ते बघवेना. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तिचा शब्द, पोरीचा गैरसमज, माझं वर्तमानपत्र, मी धरलेलं दार.

"म्हणजे मी बरोबर सांगितलं होतं?"

"अगदी बरोबर."

"माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे गं."

ती मटकन खाली बसली. निऱ्या हातातच होत्या. हसली, मग रडली. मी पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही.

"मी परत आणतो सगळी," मी म्हटलं. "घरोघर जातो, हात जोडतो."

"चित्रांचं सोडा हो. ती तुम्हाला कधी आवडली नाहीत, ते मला माहीतच होतं. पण माझं डोकं गेलं म्हणून मी रोज घाबरत होते, आणि तुम्ही ते बघत बसलात?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. पूर्वी गाडी घेऊन खाली आली होती. सुहासिनीनं डोळे पुसले, आवाज नीट केला.

"नको गं, रद्द कर. मला आठवलं सगळं. ... हो, चित्रांचंही. मीच सांगितलं होतं, देऊन टाक म्हणून. ... नाही गं वेडे, तुझी कसली चूक? माझीच."

मी फोनसाठी हात पुढे केला. तिनं दिला नाही.