गडग्यापलीकडचं वाय-फाय

आधीच कबूल करते – या सदरातल्या खवचट वाचकांपैकी मी एक. चकवा, हडळ, पांढऱ्या साडीतली बाई... असल्या अनुभवांखाली "रात्रीचं जेवण जड झालं असेल" असे प्रतिसाद टाकणारी मीच. भुताखेतांना मी ना माहेरी सावंतवाडीत भीक घातली, ना सासरी आचऱ्यात. आता माझ्याच अनुभवाखाली कुणी तसं लिहिलं तर मला राग येणार नाही. फक्त एवढं सांगते, की त्या दिवशी उपास होता.

गोष्ट २००९ ची. बाजाराकडून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर, शेजारी शालूकाकीचं. मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आणि गडग्याला लागून सुरंगीच्या झाडाच्या मुळाशी एक शेंदूर लावलेला दगड. तो राखणदार. एकच, पण दोन्ही घरांचा. विहिरीवर पंप बसवला, स्कूटर आणली, टीव्ही आणला की पहिला नारळ त्याला. गाऱ्हाणं घालायचं काम माझ्या सासऱ्यांचं – आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो.

मी पुण्याच्या एका ऑफिससाठी घरून भाषांतरं करायचे. त्यासाठी ब्रॉडबँड घेतलं, वाय-फायचा राउटर बसवला. नेटवर्कला नाव दिलं आमच्या मांजरीचं – मनी. बाबा लगेच नारळ घेऊन सुरंगीखाली उभे!

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या इंटरनेट का काय ता घरात हाडलेला आसा... ता सांभाळ, आणि दोनय घरांका त्याचो लाभ होवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" शालूकाकी आणि मी म्हटलं. मी पदराआड हसत होते, हे वेगळं सांगायला नको.

शालूकाकी एकटी राहते. मुलगा दिगू मस्कतला हॉटेलच्या किचनमध्ये. सुट्टीत आला तेव्हा त्याने आईसाठी लॅपटॉप आणला आणि "बाबा, तुमचो नेट वापरलो तर चलात?" म्हणून विचारलं. "इचारतंस काय रे?" असं म्हणून बाबांनी त्याचा प्रश्नच उडवून लावला. तेव्हापासून संध्याकाळी काकी पडवीतल्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसायची. दिगू दिसायचा, पोटुशी सून दिसायची. काकीचा दिवस तेवढ्यासाठी उजाडायचा.

आणि नेमकं त्याच वेळी माझं नेट मरायचं. काकीचा व्हिडिओ सगळा स्पीड खायचा आणि माझ्या फायली अर्ध्यावर लोंबकळायच्या. त्यात पेपरात बातमी वाचली, कुणीतरी दुसऱ्याच्या उघड्या वाय-फायवरून धमकीचा मेल पाठवला आणि पोलीस त्या बिचाऱ्या घरमालकाच्या दारात. झालं, मला निमित्त मिळालं. राउटरबरोबर आलेलं पुस्तक वाचून मी नेटवर्कला पासवर्ड टाकला. घरात कुणाला बोलले नाही. हातातलं काम संपलं की काकीला देऊ, असं स्वतःला सांगितलं. तसं सांगायला काय जातं!

दोनेक दिवसांनी काकी गडग्याशी आली. "गो, तुमचो नेट चलता काय? माझो लागनाच नाय. शुक्रवारी नातवाचा बारसा आसा. दिगू म्हणता, आये, तू हंयसूनच त्याच्या कानात नाव सांग."

तेव्हा तरी सांगायचं होतं. पासवर्ड आठ अक्षरांचा, तिच्या लॅपटॉपवर घालून द्यायला किती वेळ लागतो? पण शुक्रवारीच माझी मोठी फाइल जायची होती. तोंडातून निघून गेलं, "नाय गो काकी, आमचोपण बंद आसा. लायनच गेली हा."

"अरे देवा! मगे तुझा काम अडला असतला," काकीच हळहळली.

मला तिच्याकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं... दोन दिवस मी गडग्याकडे फिरकले नाही.

शुक्रवारी दुपारी तारेवर झावळ पडली आणि वाडीतली लाइट गेली. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. आता माझं खोटं आपोआप खरं झालं होतं! लाइट परत येताना झटका नको म्हणून राउटरची पिन काढून ठेवली. फाइल पेनड्राइव्हवर घेतलेली होती, पण पाठवणार कुठून, या विचारात बसले होते.

तेवढ्यात पाळणा ऐकू आला. चार-पाच बायकांचे आवाज, मध्येच बाळाचं रडणं. शालूकाकीच्या पडवीतून.

गडगा ओलांडून गेले. काकी रेशमी लुगडं नेसून बाकड्यावर बसलेली, समोर वाटीत बारशाच्या घुगऱ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. पडद्यावर दिगू, त्याची बायको, फुलं लावलेला पाळणा.

"कान हंयसर कर गो त्याचो," काकी सुनेला म्हणाली. सुनेने बाळाचा कान तिकडच्या स्पीकरला लावला. काकी वाकली. "कुर्रर्र... वेदांत!" तिकडे टाळ्या झाल्या. बाळ रडायचं थांबलं.

पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं मी वाचलं. मनी – कनेक्टेड.

मी धावत घरी गेले. राउटरचा एकही दिवा लागलेला नव्हता. पिन मी काढली तशीच टेबलावर पडलेली. आमच्या वाडीत दुसऱ्या कुणाकडे नेट नव्हतं आणि काकीला पासवर्ड ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तरी परत गेले, कारण पडद्यावरून दिगू हाक मारत होता, "वहिनी, तुमचे लय उपकार!"

मी मान हलवली.

मग काकी बाकड्यावर सरकली. बाजूची जागा हाताने झाडली. "ये गो, बस. तुझो बंद आसा मां? माझो चलता. तुझा काम ह्याच्यावर करून घे, लाजा नको."

मी बसले. पेनड्राइव्ह लावला. जी फाइल माझ्याकडे तासभर लोंबकळायची ती बघता बघता गेली. काकी शेजारी बसून घुगऱ्यांची वाटी माझ्यापुढे करत होती आणि मला उपास आहे म्हणायलाही तोंड नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी लाइट आली, मी राउटर लावला. गडग्यापलीकडून काकीची हाक आली – "गेला बघ परत! काय तरी इचारता माका." काय विचारत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी घरात बसून तो पासवर्ड काढून टाकला.

बाबांना सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. "गाराणा दोनय घरांचा घातलेला. कुलूप लावताना इचारलंस कोणाक?" एवढंच म्हणाले.

पुण्याला फाइल पोचल्याचा मेल त्याच दिवशी आलेला होता. दिगूने बारशाचे फोटो पाठवले, त्यात त्यांच्या लॅपटॉपवर काकी दिसते, आणि तिच्या खांद्यामागे दचकलेली मी. जाणकारांना विचारलं. बॅटरी, सिग्नल, सेटिंग... प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, पण भिंतीपासून सुटलेला राउटर कसा चालतो ते कुणी सांगेना. मलाही कळलेलं नाही. राखणदार मानावा असं अजून मन म्हणत नाही, पण हल्ली सुरंगीखालून जाताना मी चप्पल काढते.

आमचं नेट आजही उघडं आहे. धोका आहे, माहितीय, प्रतिसादात शिकवू नका. आणि लाइट गेली की अजूनही गडग्यापलीकडून हाक येते – "गो, काम अडला तर ये हां! माझो चलता."

"येतंय हां काकी," मी म्हणते. जाते, तिच्याशेजारी बसते, आणि सांगायचं ते न सांगताच परत येते.