भिंतीतली प्रदक्षिणा

"भितीला छिन्नी लावलीस ना, तर पयला तुझा हात फोरीन!"

करावे गावातल्या त्या दुमजली घराच्या पायरीवर मी पाय ठेवला आणि आतून ही आरोळी आली. आवाज असा, की खाडीतले सगळे फ्लेमिंगो उडाले आणि थेट उरणला जाऊन बसले. मी पाहिले नाहीत, पण खात्री आहे. आत काकू दारात आडव्या उभ्या होत्या. समोर त्यांचा मुलगा, हातात छिन्नी-हातोडा.

भांडण वायरिंगचं होतं. काकूंच्या यजमानांनी आखातात वायरमनची नोकरी केली. परत आल्यावर हे घर बांधलं आणि प्लगांचं वायरिंग स्वतःच्या हातानं, तिकडच्या पद्धतीनं केलं. आपल्याकडे वायर बोर्डावरून निघते आणि शेवटच्या प्लगला जाऊन संपते. ह्यांची वायर घरभर फिरून पुन्हा बोर्डावर यायची. प्रदक्षिणाच म्हणा ना. आता यजमान राहिले नव्हते. मुलाला घर भाड्यानं द्यायच्या आधी बापाचं जुनं काम उखडून नवं टाकायचं होतं. काकू म्हणत होत्या, आधी तपासा. धड निघालं तर एकाही भिंतीला हात लागायचा नाही. निकाल द्यायला कोपरखैरण्याहून मला, दुसऱ्या वायरमनला, बोलावलेलं.

"काय हाय ते खरं सांग," काकू मला म्हणाल्या. "माज्या तोंडाकरं बगून सांगू नको."

खरं! आणि मी! रबाळ्याच्या कारखान्यात मी नुसता खोकलो आणि बंद मोटार सुरू झाली, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच पटतं. पण मीटर हातात आला की माझी जीभ सरळ होते.

मेन स्विच खाली ओढला. पंखे दमत दमत थांबले. भर दुपारी घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं. खिडकीतून येणारं खाडीचं वारं, पडद्याची सावली, सगळं हळू. मला अशा घरांत नेहमी झोप आणि स्वप्न यांच्या मधलं काहीतरी होतं. भिंती श्वास घेतात. कान लावला तर ऐकू येतं, शप्पत.

बोर्डातून वायरींची दोन्ही टोकं सोडवली. एका टोकाला मीटरची एक पिन, दुसऱ्याला दुसरी. वाट अखंड असेल तर मीटर ओरडतो. अर्थिंगला ओरडला. न्यूट्रलला ओरडला. फेजला गप्प.

"बघ आई," मुलगा म्हणाला. "सडलंय सगळं."

"काल तर मिक्सर चालला!"

"चालणारच, काकू," मी म्हणालो. "गोल एका जागी तुटला तरी प्रत्येक प्लगला कुठल्या तरी एका बाजूनं करंट पोचतोच. कुणाला पत्ता लागत नाही. फक्त दोन वाटांचा भार एकाच वाटेवर पडतो आणि वायर तापत राहते."

काकू खाली बसल्या आणि पदरानं बोर्डाखालची भिंत पुसायला लागल्या. मघाची आरोळी बरी होती.

बोर्डावरच्या फेजच्या एका टोकाला मीटरची पिन लांब वायरीनं जोडली आणि दुसरी पिन घेऊन मी एकेक प्लग उघडत निघालो. स्वयंपाकघर, खिडकीखालून, कॉटच्या मागून. प्रत्येक पेच सरळ, प्रत्येक टोक सारखं सोललेलं. डोळे अर्धे मिटून भिंतीवर तळवा ठेवला, तर आत एक माणूस चालतोय असं वाटायचं. लुंगी, तोंडात पेचकस, पुढं पुढं, मागे न बघता. मी त्याच्या मागोमाग. तो घर नाही, एखादं गाव फिरवून आणत होता मला. किती वेळ फिरलो कोण जाणे. हॉलमधल्या प्लगपर्यंत मीटर ओरडत राहिला. आतल्या खोलीतल्या पहिल्या प्लगला गप्प झाला. मध्ये फक्त दार. वायर दारावरून गेली होती.

वर पाहिलं. चौकटीच्या वर यजमानांचा फोटो, हार घातलेला. फोटो उतरवला. भिंतीत बोटाएवढा स्क्रू.

"हा कुणी ठोकला?"

मुलानं छिन्नी-हातोडा खाली ठेवला. "मी. तेराव्याला. लाईट गेली होती, मित्राचं बॅटरीवालं ड्रिल आणलं."

स्क्रू काढला. भिंतीतल्या पाइपातून फेजची नवी वायर ओढून घेतली. जुन्या वायरचं तुटकं टोक स्क्रूपासून केसभर लांब होतं, म्हणून स्क्रूत करंट उतरला नव्हता, आणि हे अतिशयोक्ती न करता सांगतोय. पुन्हा बोर्डावर पिना लावल्या. मीटर असा ओरडला, की फ्लेमिंगो उरणहूनही उठले असतील.

"वायरिंग शाबूत आहे, काकू. भिंती फोडायची गरज नाही."

मुलगा फोटो छातीशी धरून उभा. हार त्याच्या मनगटात अडकलेला.

"आई," त्यानं हळूच विचारलं, "मग बाबांना आता कुठं लावू?"

"कपाटावर ठेव," काकू उठत म्हणाल्या. "आनि लाईट चालू कर. फ्रिजमदी मावरा हाय, सुरमई नासल."