ओली पत्ती

वाजवण्याआधी सॅक्सोफोनची वेताची पत्ती तोंडात भिजवावी लागते. तिचा तो ओलसर वास आला, की आजही मला जुईनगरचा एक फ्लॅट आठवतो.

तिथल्या काकूंनी वारलेल्या यजमानांचा टेनर सॅक्सोफोन विकायला काढला होता. आमच्या हळदीच्या बँडसाठी घ्यावा का, म्हणून मी बघायला गेलो होतो.

“हे गेल्यापासून सॅक्सोफोनच्या पेटीला कुणी हात लावलेला नाही,” काकू म्हणाल्या. “बिनधास्त वाजवून बघ.”

मी पत्ती ओठांत धरली. ती ओलीच होती, आणि कोमटसुद्धा.

“सांगतो विचार करून,” म्हणत मी घाईने उठलो.

काकूच एकट्या असताना फुंकत असतील, अशी आता मी स्वतःची समजूत घालतो. पण दार लावताना त्यांनी हळूच विचारलं होतं, “तुलाही ओलीच लागली ना?”